निष्फळ खर्च

आईच्या डाव्या हाताच्या तर्जनीला नख आहे, पण नख म्हणावं असं ते नाही. कासवाच्या पाठीसारखं जाड, काळपट काहीतरी आहे. लहानपणी आम्ही विचारायचो, तेव्हा ती म्हणायची, "खडीवर गेलं." जणू ते नख पोटापाण्यासाठी कुठंतरी परगावी गेलंय आणि अजून परतलेलं नाही.

ही गोष्ट ७२ च्या दुष्काळातली, म्हणजे माझ्या जन्माआधीची. आमचं गाव आटपाडीकडचं. माणदेशात दुष्काळाचं कौतुक कुणाला नसतं, तरी ७२ म्हटलं की अजूनही म्हातारी माणसं जरा सरसावून बसतात. आईचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती, थोरला भाऊ अंगावर पीत होता. तिकाटण्यावर सरकारनं खडी केंद्र काढलं आणि गावातलं जे जे धडधाकट होतं ते तिथं जाऊन बसलं. दोन पायांत दगड धरायचा, तो सरकू नये म्हणून त्याच्याभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबचं वेटोळं घालायचं आणि हातोडीनं फोडत राहायचं. पोर झाडाखाली, झाड नसेल तर चार काठ्यांवर टाकलेल्या लुगड्याखाली. फोडलेल्या खडीचा ढीग चौकोनी रचायचा, कारण मोजमाप ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापावर. मुकादम टेप लावणार, कारकून लिहून घेणार आणि मोजून झालेल्या ढिगावर चुन्याचं पाणी शिंपडणार, म्हणजे तोच ढीग कुणी परत मोजायला लावू नये. पाऊस नव्हताच, त्यामुळे चुना बरेच दिवस टिकला. सरकारला चुना लावणं हा वाक्प्रचार आला कुठून मला माहीत नाही, पण इथं सरकारच चुना लावत होतं आणि तो लोकांच्या कष्टाची राखण करत होता.

ती खडी वापरली गेली नाही.

म्हणजे थोडी गेली असेल. पण आमच्या तिकाटण्यावरचे ढीग मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत, शाळेत जाताना-येताना, ८५-८६ सालापर्यंत. त्यांच्यावर कुसळ उगवलं होतं, घोरपडी राहायच्या. आम्ही पोरं त्यावर चढून राजा-राजा खेळायचो. रस्ता पुढं झाला, पण तोवर क्रशर आला होता. ठेकेदारानं आपली खडी आणली आणि जुने ढीग जेसीबीनं बाजूच्या चरात ढकलून दिले.

मी कोषागारात, म्हणजे सरकारी तिजोरीच्या कचेरीत, नोकरीला लागलो ते १९९७ साली. लेखा लिपिक. आपल्याकडं सरकारी पैसा म्हणजे मंत्री, इंजिनिअर, ठेकेदार अशी माणसं डोळ्यांसमोर येतात. पण शेवटी प्रत्येक रुपया एका खिडकीतून जातो आणि त्या खिडकीच्या आतल्या बाजूला माझ्यासारखा एखादा लाल पेन घेऊन बसलेला असतो. तिथं मी एक नवी भाषा शिकलो. टाळता येण्याजोगा खर्च. अनियमित खर्च. अनुत्पादक खर्च. आणि ज्याचं फळ काहीच मिळालं नाही तो निष्फळ खर्च. ऑडिटवाल्यांच्या अहवालात हा शब्द आला की साहेब लोकांचा चेहरा उतरायचा. मला मात्र पहिल्यांदा तो वाचला तेव्हा तिकाटण्यावरचा ढीग आठवला. इतका नेमका शब्द आपल्या घरातल्या गोष्टीला लागू पडावा याचं मला त्या वयात कौतुकच वाटलं.

सुट्टीवर गावी गेलो तेव्हा आईला हे सांगितलंसुद्धा. ती तव्यावर भाकरी टाकत होती. म्हटलं, "आई, तुमची ती खडी म्हणजे सरकारी भाषेत निष्फळ खर्च." तिनं भाकरी उलटली, पाण्याचा हात पुसला आणि विचारलं, "म्हंजे काय?"

"म्हणजे वाया गेला. पैसा खर्च झाला, पण रस्ता झाला नाही."

"आन् आमी? आमी झालो का न्हाई?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी हसून विषय बदलला असणार. पण त्यानंतर कधीतरी, मला वाटतं दोन-तीन वर्षांनी, मी तिच्याकडून त्या वर्षाचा हिशेब नीट विचारून घेतला. धंद्याची खोड. रोज किती पडायचा? दोन-अडीच रुपये, ती म्हणाली, पण हप्त्यानं मिळायचा आणि हप्ता कधी दोन-दोन आठवडे लांबायचा. मग खायचं काय? तर गावातला वाणी हजेरीचा कागद बघून उधार द्यायचा. रेशनवर मिलो मिळायची, म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी. तिची भाकरी रबरासारखी व्हायची आणि पोटात गोळा धरायचा. कामावर पोरांना सुकडी मिळायची. भाऊ सुकडीवर वाढला.

आणि मग तिनं एक गोष्ट सांगितली, जी मी कुठल्याही अहवालात वाचली नव्हती. गावातल्या लोहाराची. पाऊस नाही म्हणजे पेरणी नाही, पेरणी नाही म्हणजे पाभर नाही, कुळव नाही, लोहाराला बलुतं नाही. तो भाता गुंडाळून मिरजेला मेव्हण्याकडं निघाला होता. तेवढ्यात खडी केंद्र निघालं. आता साडेतीनशे-चारशे माणसांच्या हातात हातोड्या आल्या, पहारी आल्या. त्या रोज बोथट होणार. लोहाराची भट्टी पेटली ती दीड वर्ष विझली नाही. हातोडीला धार द्यायचे दहा पैसे. मजुरांकडं सरकारनं दिलेले दोन रुपये होते म्हणून लोहाराला दहा पैसे मिळत होते, लोहार वाण्याकडून गूळ नेत होता आणि वाणी त्या गुळाच्या पैशात सांगलीहून पुढचं पोतं आणत होता. आईनं हे अर्थशास्त्र म्हणून सांगितलं नाही. लोहारीण तिची मैत्रीण होती आणि तिच्या घरी त्या वर्षी पाळणा हलला, ते सांगायचं होतं. मोठ्या पुस्तकांत याला मागणी निर्माण करणं असं काहीतरी म्हणतात. मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं.

१९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवरच्या माणसांचा आकडा ५० लाखांच्या घरात गेला होता. ७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ५ कोटी. म्हणजे तान्ही पोरं, म्हातारी माणसं, मुंबईचे गिरणी कामगार आणि बंगल्यातले साहेब सगळे धरून दहातलं एक माणूस त्या उन्हात सरकारच्या कामावर होतं. त्यातली किती कामं टिकली, किती पाझर तलाव पहिल्याच पावसात फुटले, याबद्दल तेव्हाही लोक बोलत होते आणि आजही बोलतात. हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावं लावून पैसे उचलले गेले, हेही खरं. आमच्याच गावात मुकादमानं त्या दुष्काळात दोन खणांचं माळवद बांधलं, असं आई सांगते. त्याचा राग तिच्या बोलण्यात अजून आहे. पण 'म्हणून ते काम निघायलाच नको होतं' असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

याच भागातल्या माणसाच्या डोक्यातून पुढची गोष्ट निघाली. वि. स. पागे, आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी १९६५ मध्ये विसापूरला करून पाहिली होती. वसंतराव नाईकांच्या सरकारनं ती ७२ मध्ये राज्यभर आणली, दुष्काळ पडल्यावर ती दुष्काळी कामांत झाकून गेली आणि दुष्काळ हटल्यावर पुन्हा वर आली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. देशानं त्यावरून धडा घेऊन असाच कायदा केला तो २००५ मध्ये. पण मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट आहे ती पैशाची. या योजनेसाठी पैसा कुठून आणायचा, तर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. पगारदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्याकडून घ्यायचा आणि कोरडवाहूतल्या मजुराला द्यायचा. महाराष्ट्रात ठरावीक रकमेच्या वर जो कोणी पगार घेतो त्याच्या पगारपत्रकावर आयकराच्या अलीकडं ही ओळ असते, महिना २००, फेब्रुवारीत ३००. नव्वद टक्के लोकांना हा कर कशाचा ते माहीत नसतं. माझ्या हाताखालून ही ओळ हजारो वेळा गेली.

आता दुसरी गोष्ट सांगतो. ही माझी आहे आणि सांगायला जड जाते.

नोकरीत सहा-सात वर्षं झाली होती. ३१ मार्चची रात्र. कोषागारातली ३१ मार्चची रात्र ज्यानं पाहिली नाही त्याला ती कशी सांगावी? जत्रा असते. प्रत्येक खात्याचे शिपाई, कारकून, काही ठिकाणी खुद्द अधिकारी काखेत देयकांचे गठ्ठे घेऊन उभे. टोकन घ्यायला रांग. दारात चहावाल्याची किटली, वडापावचे कागद, फॅनला न जुमानणारा उकाडा आणि सतत कुणाचा तरी फोन. बँकेलाही त्या रात्री उशिरापर्यंत उघडं राहण्याचा आदेश. बाराच्या ठोक्याला जे बिल पास झालं नाही त्याचा निधी व्यपगत, म्हणजे मंजुरी संपली, पैसा गेला. 'व्यपगत' हा शब्द आमच्याकडं मयत झाल्यासारखा उच्चारतात.

हे असं का होतं, ते बाहेरच्या माणसाला वाटतं त्यापेक्षा साधं आहे. विधिमंडळ पैसा मंजूर करतं तो एका वर्षापुरता. वर्ष १ एप्रिलपासून, हे इंग्रजांनी १८६७ मध्ये ठरवलं. त्याआधी ते १ मे पासून होतं. आर्थिक वर्ष बदला, असं सांगणाऱ्या समित्या येऊन गेल्या, वर्ष आहे तिथंच आहे. एप्रिलमध्ये पैसा कागदावर येतो, पण हातात येत नाही. आधी वित्त विभाग ठरावीक टक्केच सोडतो. मग प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा. पावसाळ्यात बांधकाम होत नाही, मध्ये एखादी आचारसंहिता येते, डिसेंबरात पुरवणी मागण्या होतात आणि उरलेला निधी फेब्रुवारीच्या शेवटी धबधब्यासारखा कोसळतो. तो परत पाठवावा, तर पुढच्या वर्षी विचारणार: गेल्या वर्षी खर्च झाला नाही म्हणजे गरज नव्हती, करा कमी. काटकसर करणाऱ्याला शिक्षा आणि उडवणाऱ्याला बक्षीस, असं हे गणित आहे. केंद्र सरकारनं आपल्या खात्यांना शेवटच्या तिमाहीत ३३ टक्क्यांपेक्षा आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करू नका, अशी मर्यादा घातली आहे. अशी मर्यादा घालावी लागते, यातच सगळं आलं. मर्यादा आली की वाटा निघतात. पैसा वैयक्तिक ठेव खात्यात काढून ठेवायचा, कागदोपत्री खर्च झाला, प्रत्यक्षात नुसता खिसा बदलला.

तर त्या रात्री अकराच्या सुमारास एका कार्यालयाचं बिल माझ्या टेबलावर आलं. लोखंडी कपाटं, गावोगावच्या केंद्रांसाठी. बिलाच्या पाठीवर शिक्का: 'माल सुस्थितीत मिळाला, साठा नोंदवहीत नोंद घेतली.' खाली सही, तारीख. मी बिल घेऊन आलेल्या कारकुनाकडं पाहिलं. तो माझ्या ओळखीचा होता. म्हटलं, "माल आला का खरंच?" तो म्हणाला, "भाऊसाहेब, येतोय की. गाडी पुण्याहून सुटलीय." म्हणजे आलेला नव्हता. पण कोषागारानं कागद बघायचा असतो, कपाट नाही. निविदा होती, मान्यता होती, दर करारातले होते, सही जुळत होती. मी लाल पेनानं टिक केली आणि पुढं सरकवलं. पावणेबाराला ते पास झालं.

त्या वर्षी बाहेर काय होतं? २००३ चा दुष्काळ. आटपाडी, सांगोला, माण भागात चारा छावण्या लागल्या होत्या. माझा चुलता दोन म्हसरं आणि एक खिलार खोंड घेऊन छावणीत राहायला गेला होता, जनावरांबरोबर माणूसही. तिथल्या चाऱ्याचे पैसे थकले म्हणून छावणीवाला रोज बोंबलत होता. चाऱ्याचं बिल आमच्याकडं आलंच नव्हतं, कारण त्याला वरून निधीच नव्हता. कपाटांना होता. एका लेखाशीर्षातला पैसा दुसऱ्यात नेता येतो, त्याला पुनर्विनियोजन म्हणतात, पण त्यासाठी जो प्रवास करावा लागतो तेवढ्यात म्हैस मरते.

कपाटं आली, पुढं जूनमध्ये कधीतरी. त्यातलं एक आमच्याच गावच्या केंद्रावर आलं. ते एवढं मोठं होतं की दारातून आत जाईना. दोन दिवस खटपट केली, मग व्हरांड्यात उभं केलं. पहिल्या पावसात खालून गंजलं. दिवाळीला गेलो तेव्हा त्याचं एक दार निखळलं होतं आणि खालच्या कप्प्यात कुणाचीतरी कोंबडी खुडूक बसली होती. शासकीय मालमत्तेचा अनुक्रमांक पांढऱ्या रंगात लिहिलेला, त्याखाली ती आपली डोळे मिटून शांत.

या कपाटांवर कधीही आक्षेप निघाला नाही. साठा नोंदवही बरोबर, बिल बरोबर, दर बरोबर. कुठल्याही अहवालात त्याला निष्फळ म्हटलेलं नाही. आईचा ढीग निष्फळ आणि हे सुफळ संपूर्ण.

मला तेव्हापासून 'उधळपट्टी' हा शब्द कुणी मोठ्या आवाजात उच्चारला की जरा थांबायची सवय लागली आहे. कारण उधळपट्टी बघायला लोक जातात ते जिथं गरीब माणूस रांगेत उभा असतो तिथं. ही खोड जुनी आहे. १८७३-७४ मध्ये बिहारात दुष्काळ पडला, तेव्हा रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, कामं काढली, मोकळ्या हातानं वाटलं आणि भुकेनं माणसं जवळजवळ मेलीच नाहीत. त्याचं कौतुक व्हावं की नाही? इंग्लंडात त्याच्यावर टीका झाली, इतका खर्च कशाला केला म्हणून. तो धडा त्यानं पक्का गिरवला. तीन वर्षांनी दख्खन आणि मद्रास जळत असताना सरकारनं त्यालाच धाडलं. या वेळी त्यानं दुष्काळी कामावरच्या माणसाची मजुरी खाली आणली: दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. म्हणजे अर्धा किलोही नाही, आणि काम दिवसभर खडी-मातीचं. मुंबई इलाख्यात लोकांनी कामं सोडली, चक्क संप केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेतली. त्या दुष्काळात लाखो माणसं मेली. टेंपल पुढं मुंबईचा गव्हर्नर झाला. दौंड-मनमाड गाडीत बसलो की मला हे आठवतं, कारण तो लोहमार्ग त्या दुष्काळातल्या मजुरांनी घातला. तो अजून चालू आहे, म्हणजे ऑडिटच्या भाषेत तो खर्च फलदायी.

मोठी उधळपट्टी गुपचूप होते आणि कोट घालून येते. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणी अहवालानं एका ओळीत जे सांगितलं, त्यानं पुढं राज्याचं राजकारण हललं: दशकभरात सिंचनाखालच्या क्षेत्राचं प्रमाण १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्क्यांवर गेलं. ०.१ टक्का. त्या काळात सिंचनावर झालेला खर्च ७० हजार कोटींचा सांगितला गेला. आकड्यांवरून भांडणं झाली, श्वेतपत्रिका निघाली, तिनं वेगळा हिशेब मांडला, जलतज्ज्ञ माधवराव चितळ्यांची समिती बसली. कुणाचं किती चुकलं, यात मी पडत नाही. ती प्रकरणं मोठी आहेत आणि मी लहान माणूस. मला त्यातलं एवढंच कळतं की एकाच वेळी शेकडो कामं सुरू केली की प्रत्येकाला थोडा थोडा पैसा मिळतो आणि एकही पुरं होत नाही. भंडाऱ्याकडचं गोसीखुर्द धरण बघा. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, मूळ अंदाज ३७२ कोटींचा. तो वाढत वाढत १८ हजार कोटींच्या पुढं गेला. दरवर्षी थोडा पैसा, दरवर्षी दरवाढ. माणूस घर बांधताना जोत्यापर्यंत आला आणि पैसा संपला की थांबतो. सरकार शेजारच्या प्लॉटवर दुसरं जोतं काढतं.

आमच्याकडं टेंभू योजना झाली. कृष्णेचं पाणी कराडजवळून उचलायचं, टप्प्याटप्प्यानं चढवत आटपाडी-सांगोल्याकडं न्यायचं. तिच्यासाठी आमच्या भागातल्या लोकांनी स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या आणि श्रमिक मुक्ती दलाच्या भारत पाटणकरांच्या बरोबर पाणी परिषदा घेतल्या, वर्षानुवर्षं. त्याच्याही आधी शेजारच्या खानापूर तालुक्यात रोजगार हमीवरच्या मजुरांनी एक भलतंच शहाणपणाचं म्हणणं मांडलं होतं: खडी फोडून दुष्काळ हटत नाही, आम्हाला दुष्काळ हटवणारं काम द्या. त्यातून येरळेवर बळीराजा धरण उभं राहिलं, नदीतली वाळू विकून लोकांनी पैसा उभा केला. म्हणजे आईच्या ढिगावरची खरी टीका आमच्याच लोकांनी केली होती. काम काढू नका, असं ते म्हणत नव्हते. चांगलं काम काढा, म्हणत होते. या दोन वाक्यांत किती अंतर आहे, हे मला कोषागारात बसून फार उशिरा कळलं.

टेंभूचं पाणी यायला दीड-दोन दशकं गेली. आलं, तेव्हा आईनं ओटी भरली कालव्याची. आणि मग ते बंद पडलं, कारण पंपांचं वीजबिल थकलं होतं. मोठमोठाले पंप, कालवे, बोगदे सगळं जाग्यावर आणि चालवायला पैसा नाही. असं आमच्याकडं कितीतरी उन्हाळे झालं. बांधायला निधी असतो, चालवायला नसतो. नारळ फोडायला माणसं येतात, ग्रीस लावायला कुणी येत नाही. शेवटी ८१ टक्के बिल सरकार भरणार आणि १९ टक्के शेतकरी, असं ठरलं, तेव्हा कुठं जरा सुरळीत झालं. यावरही शहरातले मित्र म्हणतात, फुकटेपणा. मी त्यांना म्हणतो, एकदा डाळिंबाची बाग बघायला या. येत नाहीत.

२०२० चा ३१ मार्च मी आयुष्यात विसरणार नाही. कोषागारात शुकशुकाट. तोंडाला फडकी बांधून आम्ही पाच-सहा जण, सॅनिटायझरचा वास, बाहेर कुत्रं नाही. आमचा मार्चचा पगारसुद्धा दोन टप्प्यांत झाला. ४ मे ला वित्त विभागाचा शासन निर्णय आला. योजनांसाठी अर्थसंकल्पाच्या फक्त ३३ टक्के निधी मिळणार, नवी कामं नाहीत, नवी भरती नाही. मी तो दोनदा वाचला. त्यामागचं कारण मला कळत होतं. राज्याला नोटा छापता येत नाहीत, कर्जाला मर्यादा, आणि दुकानंच बंद म्हणजे कर कुठला येणार? शिवाय महसुलातला निम्म्याहून जास्त भाग पगार, निवृत्तिवेतन आणि व्याजात आधीच बांधलेला. तो कापता येत नाही. त्या न कापता येणाऱ्यात मी होतो. ही गोष्ट तेव्हा मला टोचली आणि अजून टोचते. कात्री लागली ती जे अजून नोकरीत आलेच नव्हते त्यांच्यावर, जे काम अजून निघालंच नव्हतं त्याच्यावर. भरतीची वाट बघत बसलेला माझा पुतण्या त्या एका कागदानं वयाच्या मर्यादेच्या जवळ ढकलला गेला.

त्याच महिन्यात गावाकडं माणसं परतत होती. आमच्या भागातले लोक गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलेले. केरळपासून पंजाबपर्यंत कुठंही जा, विट्याचा-आटपाडीचा माणूस भट्टी लावून बसलेला असतो. ते सगळे गाड्या करून, काही चालत, गावी आले. ज्यांनी वीस वर्षांत कुदळ धरली नव्हती ती पोरं रोजगार हमीच्या कामावर आली. २३८ रुपये रोज. केंद्रानं त्या वर्षी देशभरच्या रोजगार हमीसाठी आधी ६१,५०० कोटी ठेवले होते, मेमध्ये आणखी ४० हजार कोटी घातले आणि वर्षअखेर खर्च १ लाख ११ हजार कोटींच्या आसपास गेला. पहिल्या तिमाहीत देशाचं उत्पन्न जवळपास २४ टक्क्यांनी आटलं होतं. सगळं मिटलेलं असताना गावच्या दुकानात जी काही खळखळ होती ती या २३८ ची होती. मला लोहार आठवला. आता गावात लोहार नाही, पण मोबाइल रिचार्जवाला आहे, त्याचं दुकान त्या उन्हाळ्यात उघडं होतं.

आईनं त्यांना बघितलं. कालव्याच्या कडेला चर काढत होती पोरं. त्यातल्या एकाच्या हाताला फोड आलेले, सोन्याच्या भट्टीची सवय असलेला हात. आई म्हणाली, "मातीत हात घाल आधी, मग धर कुदळ. सरकत न्हाई." मग घरी येऊन मला फोनवर विचारलं, "त्यांस्नी हप्ता येळेवर मिळंल न्हवं?" मी म्हटलं, मिळेल. काहींना मिळाला, काहींचा दोन महिने बँकेत नाव न जुळल्यानं अडकला. आता चुना शिंपडत नाहीत, कामाचे फोटो जिओटॅग करतात. अडकायची जागा तेवढी बदललीय.

गेल्या फेब्रुवारीत आई आमच्याकडं राहायला होती. मी पगारपत्रक मोबाइलवर बघत होतो. तिला अक्षर ओळख आहे, आकडे चांगले कळतात. तिनं बोट ठेवलं, "ह्ये तीनशे कशाचं कापलं?"

मी सांगितलं. व्यवसाय कर म्हणजे काय, कुणासाठी बसवला, पागे कोण, सगळं. खरं तर तिची खडी दुष्काळी कामातली आणि कर रोजगार हमीचा, शिवाय गोळा झालेला सगळाच पैसा दरवर्षी त्याच कामी लागला असंही नाही. पण एवढ्या तपशिलात मी शिरलो नाही. तिनं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे तू खडीचं पैसं भरतुयास व्हय?"

"तसंच म्हण."

"किती वर्सं झाली?"

"अठ्ठावीस."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं, त्या नखाच्या बोटापाशी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग फिटलं असंल आता."

ती उठून आत गेली. मी मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर उघडला. अडीच रुपये रोज, दीड वर्षाचे दिवस, सुट्ट्या वजा. मग माझी बाजू, सुरुवातीची वर्षं कमी दरानं, नंतरची अडीच हजारानं. बेरीज झाली. व्याज धरायचं की नाही, तिथं अडलो.